निधी कोणी आणला?

रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या खांबावर, समाजमंदिराच्या भिंतीवर आणि अलीकडे दफनभूमीच्या प्रवेशद्वारावरही एकच वाक्य थोड्याफार फरकाने वाचावयास मिळते : अमुक माननीयांच्या विशेष प्रयत्नांतून इतक्या लक्ष रुपयांचा निधी मंजूर. शेजारी हात जोडलेली छबी असते, आणि ती बहुधा ज्या गटारासाठी निधी आला त्या गटाराहून रुंद असते. ‘निधी आणला’ हा आजच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत मोठा पराक्रम होऊन बसला आहे. पूर्वीचे सरदार मुलूखगिरीवरून परतले की त्यांचा जयजयकार होई; आणलेली संपत्ती कोणाच्या घरची, हे त्या काळीही कोणी विचारीत नसे.

आम्ही मात्र विचारणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे. जी सेवा गावाने वापरावयाची तिच्या खर्चाचा एक भरीव भाग गावाने स्वतःच्या कराने उभा करावा, आणि उरलेला भाग वरच्या सरकारांकडून हक्काने, ठरलेल्या सूत्राने यावा. कोणाच्या कृपेने नव्हे. ह्या दोहोंपैकी एकही गोष्ट आज धड होत नाही. दोष केवळ मंत्रालयाचा किंवा दिल्लीचा आहे असे म्हणून हात झटकता येणार नाहीत, कारण आपला समाजही ह्या खोट्या हिशेबात सुखाने नांदतो आहे.

प्रथम पैशाचा मार्ग पाहू. सकाळच्या मिस्सेहून परतताना एखादी आजी वाण्याकडून साबणाची वडी घेते. त्या वडीच्या किमतीत वस्तू व सेवा कर आहे. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. ‘आम्ही गरीब, आम्ही कुठला कर भरणार’ असे आजी म्हणत असली तरी ती दररोज करदाती आहे. केंद्राकडे सर्व राज्यांतून गोळा होणाऱ्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के रक्कम राज्यांना द्यावी, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या वर्षांसाठी केली. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. म्हणजे अशा शंभर रुपयांतले २ रुपये ५९ पैसे आपल्या राज्याला. महाराष्ट्राने दिले किती आणि परत आले किती, ह्यावर विधानसभेत पुष्कळ आरडाओरड होते. आम्ही त्या ओरडीत सामील होणार नाही. बिहारातील मुलालाही शाळा हवी, ओरिसातील बाळंतिणीलाही दवाखाना हवा. श्रीमंत राज्याने गरीब राज्याचा भार उचलणे हा अन्याय नव्हे, तो बंधुभाव आहे.

अन्याय अन्यत्र आहे. वाटपयोग्य करांत उपकर आणि अधिभार येत नाहीत. ते सर्वस्वी केंद्राचे. परिणाम काय होतो ह्याचे एकच उदाहरण देतो. २०२१ च्या फेब्रुवारीत सादर झालेल्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचे एकूण शुल्क ३२ रुपये ९० पैसे होते. त्यातले मूळ उत्पादन शुल्क, म्हणजे राज्यांबरोबर वाटून घ्यावयाचे शुल्क, अवघे १ रुपया ४० पैसे. उरलेले सारे उपकर व अधिभार. थाळीतले वाटून खाऊ असे म्हणावयाचे आणि पोळ्या आधीच फडक्यात गुंडाळून ठेवावयाच्या, असा हा प्रकार आहे.

राज्य सरकारही ह्याबाबतीत काही संत नव्हे. दिल्लीकडे बोट दाखवून ते जे मागते तेच खाली देताना त्याचा हात आखडतो. १९९३ साली ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका ह्यांना घटनेत स्थान मिळाले. पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, नगरपालिकांसाठी बाराव्या अनुसूचीत १८. पाणी, रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य, स्वच्छता, सारे काही. परंतु संघसूची आणि राज्यसूची ह्यांत जसे करांचे विषय नेमून दिलेले आहेत तशी स्थानिक संस्थांच्या करांची स्वतंत्र यादी घटनेत आली नाही. कोणता कर त्यांना द्यावयाचा हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, एवढेच म्हटले. कामांची यादी दिली आणि किल्ली आपल्याच कमरेला ठेवली. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे बंधनकारक आहे खरे. त्याच्या शिफारशी मानणे मात्र बंधनकारक नाही.

योगायोग पाहा. ज्या १९९३ साली गावाला घटनेने स्वतःचे सरकार दिले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात खासदारांसाठी स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली. २०११-१२ पासून ती रक्कम वर्षाला ५ कोटी झाली. कायदे करण्यासाठी निवडून दिलेल्या मनुष्याने गावातील गटार मंजूर करावयाचे, आणि गटारासाठी निवडून दिलेल्या सरपंचाने त्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावयाचे! आमदारांचे तसेच. मग खांबावर पाटी लागते ती ह्यांचीच. तो निधी आजीच्या साबणाच्या वडीतून आला होता. आजीचे नाव कोठेही नसते.

येथे कोणी जकातीची आठवण काढील. जकातीसाठी आम्ही अश्रू ढाळीत नाही. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या ज्या रांगा लागत आणि त्या रांगांत जे व्यवहार चालत, ते आठवणारे पुष्कळ वाचक असतील. कर वाईट होता. परंतु तो शहराचा स्वतःचा होता. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला. मुंबईची जकात उरली होती, तीही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. त्या बदली राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याचे ठरविले, वर्षाला ८ टक्के वाढीसह. रक्कम येते, हे मान्य. पण कर आणि भरपाई ह्यांत पगार आणि पेन्शन ह्यांतला फरक आहे. पेन्शनीवर जगणारा वृद्ध पिता मुलाशी जपूनच बोलतो.

ज्या परिषदेत वस्तू व सेवा कराचे दर ठरतात तिचे ३३ सदस्य आहेत : केंद्राचे दोन मंत्री आणि राज्यांचे एकेक प्रतिनिधी. एकतृतीयांश मतमूल्य केंद्राचे, दोनतृतीयांश राज्यांचे. देशातील शेकडो महापालिका आणि अडीच लाखांच्या घरातील ग्रामपंचायती ह्यांचे मतमूल्य शून्य. त्यांच्यासाठी मागे ठेवलेला एक तुकडा म्हणजे करमणूक कर; तो स्थानिक संस्थेने स्वतः बसविला तर तिचा.

व्यवसाय कराची कथा अधिक बोलकी आहे. पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० अशी वर्षाला २५०० रुपयांची जी कपात दिसते तो हा कर. तामिळनाडूत, केरळात तो स्थानिक संस्था गोळा करतात आणि स्वतः वापरतात. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने तो राज्याने घेतला. त्या वेळी कारण उदात्त होते, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना जन्मली होती, आणि मुंबईच्या नोकरदाराने दुष्काळी गावातील मजुराची चूल पेटती ठेवावी ह्यासाठी हा पैसा होता. असा कर भरताना कोणाला अभिमान वाटावा. परंतु २०,००० रुपये पगारावर आणि २ लाख रुपये पगारावर तोच २५०० रुपयांचा कर, आणि १९८८ पासून घटनेतील ती कमाल मर्यादा जागची हललेली नाही. गावात राहून नोकरी करणाऱ्यांचा हा कर गावाच्या तिजोरीला माहीतही नसतो.

महापालिकेच्या घरपट्टीचे बिल एकदा शेवटपर्यंत वाचावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. त्यात सर्वसाधारण कर असतो, पाण्याचे, मलप्रवाहाचे, वृक्षांचे असतात. आणि त्याच कागदावर शिक्षण कर व दुकाने-कारखाने असतील तर रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन राज्याचे आहेत. वसुली महापालिकेच्या कारकुनाने करावयाची, शिव्या त्याने खावयाच्या, रक्कम मंत्रालयाकडे जावयाची.

आता ह्या एवढ्याशा उरलेल्या घरपट्टीवरही वरून कुऱ्हाड पडते. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून इतर शहरांतही तसेच आश्वासन निवडणुकीच्या सभांतून ऐकू येते, आणि लोक टाळ्या वाजवितात. गरीब झोपडीवाल्याला सूट हवी, ह्याला आमचा विरोध नाही. परंतु मुंबईत ५०० चौरस फुटांचे घर असणारा प्रत्येक जण गरीब नसतो. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणे हे औदार्य नव्हे. राज्याला करमाफीच द्यावयाची हौस असेल तर त्याने स्वतःचे मुद्रांक शुल्क माफ करावे. ते होत नाही, कारण ते राज्याचे आहे.

अकरावा पायस ह्यांनी १९३१ साली आपल्या सामाजिक परिपत्रकात एक तत्त्व मांडले. जे कार्य लहान समूह स्वतः करू शकतो ते त्याच्याकडून काढून मोठ्या समूहाकडे देणे हा गंभीर अन्याय आहे, असा त्याचा आशय. गुरुकुलात आम्ही ते घोकून पाठ केले आणि युरोपातील हुकूमशहांना उद्देशून ते लिहिले आहे असे समजून परीक्षेत उत्तीर्ण झालो. ते आपल्या दिव्याच्या खांबालाही लागू आहे. त्याचा दुसरा अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा : लहान समूहाला जे झेपत नाही तेथे मोठ्याने साहाय्य केलेच पाहिजे.

जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्याला स्वतःच्या घरपट्टीतून नळयोजना करावयास सांगणे ही क्रूर चेष्टा होईल. शिक्षकाचा पगार, प्राथमिक आरोग्य केंद्र, मोठे धरण हा खर्च राज्याचा व देशाचाच. त्यासाठीच तर प्राप्तिकर आणि वस्तू व सेवा कर. प्रश्न एवढाच की तो पैसा खाली कसा यावा. एक चांगले उदाहरण आपल्या शेजारीच आहे. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी ‘पेसा’ क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट द्यावा आणि ग्रामसभेने त्याचा विनियोग ठरवावा, असा निर्णय झाला. तेथे कोणा माननीयाला निधी ‘आणता’ येत नाही, कारण तो आधीच गावाचा असतो. केरळने १९९६ सालीच योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरविले. आकाश कोसळले नाही.

उलट पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान पाहा. देशातील स्थानिक संस्थांसाठी २०२१ ते २०२६ ह्या काळात ४,३६,३६१ कोटींची शिफारस. आकडा डोळे दिपविणारा. ग्रामपंचायतीपर्यंत येताना त्यातले ६० टक्के बंधित : पाणी आणि स्वच्छता ह्यांवरच खर्च करा. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार व आस्थापनेचा खर्च करावयाचा नाही. पाणी-स्वच्छतेला आमचा विरोध कोण समजेल? पण ज्या गावाची विहीर आणि गटारे ठाकठीक आहेत आणि ज्याला दवाखान्यापर्यंतचा पूल हवा आहे, त्याने दिल्लीत ठरलेल्या लेखाशीर्षात पुन्हा एक गटार बांधावे, हे शहाणपण कसले? आणि नवे गटार बांधण्यास पैसा असतो, ते साफ करणाऱ्या माणसाच्या पगारास नसतो. तो पगार गावाच्या घरपट्टीतूनच यावयाचा.

येथे आम्ही आपल्या घराकडे वळतो.

आमच्या धर्मग्रामातील काही वाड्या महापालिकेत आहेत, काही अजून ग्रामपंचायतीत. २००९ च्या जुलैत वसई-विरार महापालिका झाली, चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती विसर्जित करून. गावे वगळावीत म्हणून आपल्या लोकांनी किती मोर्चे काढले, लाठ्या कशा खाल्ल्या, २९ गावांचा प्रश्न न्यायालयात किती वर्षे लोंबकळत राहिला, हे वसईकरांस सांगणे नलगे. त्या लढ्याच्या मुळाशी ‘आमच्या गावचे आम्ही ठरवू’ ही भावना होती आणि ती रास्त होती. परंतु २०२० च्या जूनमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढली पाच वर्षांहून अधिक काळ, २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत, प्रशासकाच्या सहीने अंदाजपत्रक मंजूर होत राहिले. घरपट्टीची बिले एकाही वर्षी थांबली नाहीत. कर घेणारा आहे आणि जाब देणारा नाही, ही स्थिती सहन करताना तो पूर्वीचा आवेश कोठे गेला होता?

आवेश न येण्याचे कारण कटू आहे. ज्याने कर चुकविलेला असतो त्याचा आवाज चढत नाही. माडीवरच्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. कागदोपत्री त्या ‘स्वतःच्या वापरात’. मागील पडवीवर स्लॅब पडून दहा वर्षे झाली. पंचायतीच्या नोंदीत अजून कौलारू पडवीच आहे. आखातातून आलेल्या पैशांनी बंगला उभा राहतो, त्याला रंग येतो, कुंपणाला नक्षीदार फाटक येते, आणि घरपट्टी थकते ती थकतेच. ‘त्यांनी दिवे कुठे लावले, मग आम्ही पट्टी का भरावी?’ हे उत्तर तयार असते. पट्टी भरली नाही तर दिवे कुठून लागणार, हा प्रश्न विचारणारा शत्रू ठरतो. न्याय्य कर फसवणुकीने चुकविणाऱ्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत दोष दिला आहे. आपल्याकडे मात्र नऊ दिवसांचा नोव्हेना चुकला तर मनाला टोचणी लागते, नऊ वर्षांची घरपट्टी चुकली तर लागत नाही.

चर्चच्या इमारतीला, इतर सर्व प्रार्थनास्थळांप्रमाणेच, महापालिकेच्या सर्वसाधारण करातून कायद्याने सूट आहे. ह्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पहाटेच्या मिस्सेला येणाऱ्यांच्या वाटेवर जो दिवा जळतो त्याचे बिल शेजारचा हिंदू कासार आणि पलीकडचा मुसलमान दर्जी ह्यांच्या पट्टीतून भरले जाते. अशा समाजाने आपल्या घराची पट्टी तरी बिनबोभाट भरावी. आणि लग्नासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या सभागृहाला प्रार्थनास्थळ म्हणण्याचा मोह संस्थांनीही टाळावा.

‘पंचायतीत पैसे खातात’ हा शेवटचा आक्षेप. खातात, काही ठिकाणी. मंत्रालयात पैसे देवदूत मोजतात असे कोणास वाटते काय? गावातील चोरी निदान दिसते : सरपंचाचे घर, कंत्राटदाराची गाडी आणि उखडलेला रस्ता तिन्ही एकाच वाडीत असतात. दिसते त्यावर बोलण्याची सोय कायद्याने केलेली आहे. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने १००० रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे सभासद एकटे जोतीराव फुले होते. हा लोकांचा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. एका मनुष्याने, एका ठरावावर, एका आकड्याबद्दल बोलणे, ह्याला स्थानिक स्वराज्य म्हणतात. आपल्या धर्मग्रामाच्या वित्त समितीत सणाच्या मंडपाचे दोनशे रुपये जास्त का लागले ह्यावर तासभर खडाजंगी होते. ते आम्हास अनेकदा जड जाते, पण ते योग्य आहे. हीच माणसे पंचायतीच्या लाखांच्या अंदाजपत्रकाच्या दिवशी शेतावर, बाजारात किंवा नात्यातल्या साखरपुड्याला असतात.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, ह्यांतील जी संख्या कमी असेल ती. रविवारच्या एका मिस्सेला ह्याच्या तिप्पट लोक असतात. महापालिकेच्या वाड्यांत ग्रामसभा नाही. तेथील रहिवाशांनी आपल्या प्रभागाचे अंदाजपत्रकातील पान माहितीच्या अधिकाराखाली मागावे, अर्जाला १० रुपये लागतात, आणि ते पान चर्चच्या सूचनाफलकावर लावण्यास आमची ना नाही.

येत्या १ मे रोजी कामकरी संत योसेफचा सण आहे आणि त्याच दिवशी ग्रामसभाही. सणाची मिस्सा आम्ही सकाळी ७ वाजता ठेवली आहे. ग्रामसभा १० वाजता भरते. मागील वर्षाचा जमाखर्च पहिल्या विषयात येतो, थकबाकीदारांची यादी नंतर.